बटाट्याचे हसू आणि भुकेची चित्रे

जुलै 2023 मध्ये टोमॅटोने किलोमागे शंभरी ओलांडली, तेव्हा उत्तर प्रदेशच्या एका मंत्रिमहोदयांनी जनतेला मार्ग दाखविला: टोमॅटो घरच्या घरी लावावेत, आणि महाग वाटत असतील तर ते खाणेच सोडावे. घाटकोपर-मुलुंडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे तुळशीच्या कुंडीलाही खिडकीच्या गजांचा आधार घ्यावा लागतो, तेथे हा उपदेश विनोद म्हणूनच ऐकला गेला असल्यास नवल नाही. सरकारने नागरिकाच्या हाती कुदळ द्यावी आणि व्यंगचित्रकाराने त्यावर हसावे, ही परंपरा मात्र जुनी आहे. हे हसू केव्हा निर्मळ असते आणि केव्हा निर्दय, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होतो.

युद्धकाळात ब्रिटनमध्ये ‘विजयासाठी खणा’ अशी हाक देण्यात आली. लंडनच्या ऐतिहासिक टॉवरभोवतीच्या खंदकातही भाजीचे वाफे पडले. सरकारी प्रचारात ‘पोटॅटो पीट’ हा टोपीवाला बटाटा आणि ‘डॉक्टर कॅरट’ हे डॉक्टर झालेले गाजर अवतरले. वॉल्ट डिस्ने यांच्या चित्रशाळेतूनही गाजरांचे एक कुटुंबच्या कुटुंब आले. गाजर खाल्ल्याने वैमानिकांना अंधारात दिसते ही लोणकढी थापही त्याच प्रचारातली. विमाने हेरणारे रडार तिच्याआड दडले होते. हीथ रॉबिन्सन यांनी दोऱ्या आणि कप्प्यांची अजब यंत्रे चितारून युद्धकाळातील काटकसरीची खुशाल थट्टा केली. गुलाबाचे ताटवे उखडून कोबी लावणारा मध्यमवर्गीय गृहस्थ स्वतःकडे पाहून हसू शकत होता. त्याला हसणे परवडत होते, कारण जानेवारी 1940 पासून त्याच्या खिशात शिधापत्रिका होती, तशीच ती राजघराण्यालाही होती. बटाटे आणि भाज्या युद्धभर रेशनबाहेर राहिल्या; पावावर नियंत्रण आले ते युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये. परसातील कोबी हा सरकारने पुरविलेल्या ताटातील वाढीव घास होता.

हिंदुस्थानात तीच हाक आली, ताट मात्र आले नाही. मार्च 1942 मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला आणि त्याच वर्षी ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम सुरू झाली. अंधेरी, बोरिवली ही तेव्हा महापालिकेच्या हद्दीबाहेरची, भातखाचरांची आणि वाड्यांची गावे. तेथील शेतकरी मोहिमेपूर्वीही पिकवीतच होता. गिरगावच्या चाळीतील कारकुनाने कुदळ मारावी तर कोठे? त्याला तगविले ते मे 1943 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रेशनिंगने. बंगालच्या खेड्यांना तेही लाभले नाही. जपानी सैन्याच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरील होड्या सरकारनेच काढून घेतल्या होत्या, भाव भडकले होते, साठेबाज निर्धास्त होते. चौकशी आयोगाने मृतांचा आकडा 15 लाख धरला; नंतरच्या काही अभ्यासकांनी तो 30 लाखांपर्यंत नेला. अमर्त्य सेन यांनी 1981 च्या आपल्या ग्रंथात दाखविले की खरा दुष्काळ पिकाचा नव्हता, धान्य विकत घेण्याच्या ऐपतीचा होता. शेतमजुराला ‘अधिक पिकवा’ म्हणणे हे मग काय ठरते?

घोषणा मात्र दीर्घायुषी निघाली. स्वातंत्र्यानंतर कृष्णम्माचारी समितीने 1952 मध्ये तिची झाडाझडती घेतली, तरी रेल्वेने रुळांलगतच्या जमिनी कर्मचाऱ्यांना भाजीपाल्यासाठी देण्याची योजना आखली ती ‘ग्रो मोअर फूड’ याच नावाने. त्यात अन्नापेक्षा अतिक्रमण रोखण्याची चिंता कमी नव्हती. उपनगरी गाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या पालक-भेंडीच्या त्या वाफ्यांना नाल्याचे पाणी मिळत असे, यावरून डब्यात झालेले विनोद कोणत्याही सरकारी व्यंगचित्राहून खरे होते.

ज्या काळात विलायतेत बटाटा हसत होता, त्याच काळात, नोव्हेंबर 1943 मध्ये, चित्तप्रसाद भट्टाचार्य हा तरुण चित्रकार मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडत होता. व्यंगचित्राची रेषा त्यालाही साधली होती. साम्राज्यावर त्याने ती चालविलीही. येथे मात्र त्याने शाईने हाडे काढली, रिकामी भांडी काढली, ओस घरे काढली. ‘हंग्री बंगाल’ या नावाने ती चित्रे पुस्तकरूपाने निघताच सरकारने प्रती जप्त करून जाळल्या. गाजराच्या थापेला मंत्रालय मिळाले आणि या चित्रांना आग मिळाली. कुटुंबाने जपलेल्या एका प्रतीवरून 2011 मध्ये त्या पुस्तकाची प्रतिकृती निघाली.

हा चित्रकार 1946 नंतर मुंबईत आला आणि पुढची सुमारे तीन दशके, बहुतेक हलाखीत, अंधेरीत राहिला. परिसरातील गरीब मुलांसाठी तो कळसूत्री बाहुल्या करी, ‘खेलाघर’ नावाने त्यांचे खेळ मांडी. त्याचा मृत्यू 1978 चा. ‘घरीच पिकवा’ असा सल्ला ज्यांच्या जिभेवर सहज येतो, त्यांना त्याचे ते पुस्तक एकदा चाळावयास द्यावे. आणि अंधेरीच्या शाळांतून, दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकविताना, टोपीवाल्या बटाट्याशेजारी त्यातले एक पान लावावे.