सहा महिने पाणीसुद्धा नको

बोरीवलीत चाळ असो की टॉवर, बाळंतीण घरी आली की सल्ल्यांना तोटा नसतो. ‘मध चाटव’, ‘किती उकडतंय, चमचाभर पाणी दे’, ‘दूध पुरत नाही वाटतं, वरचं सुरू कर.’ सांगणारी माणसं मायेचीच असतात. पण पहिले सहा महिने यातलं काहीएक बाळाला द्यायचं नाही. मे महिन्याच्या उकाड्यातही नाही, कारण आईच्या दुधात 80 टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. वर्षाच्या आत मध दिला तर विषबाधेचा धोका. बाळगुटीही नको. डॉक्टरांनी दिलेले थेंब आणि औषधं तेवढी चालतात.

बाळ जन्मल्यावर तासाभरात पाजायला घ्या. सिझेरियन झालं असेल तर नर्सकडे मदत मागा, लाजू नका. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर चीक थेंब थेंब येतो आणि आई धास्तावते. बाळाचं पोटही तेव्हा एवढंसंच असतं.

रडल्याशिवाय आईही पाजत नाही म्हणतात. खरं तर रडेपर्यंत थांबूच नये. बाळ तोंड वळवून शोधू लागलं, मुठी चोखू लागलं की घ्यावं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मनानेच बाटली सुरू केलीत, तर बाळ अंगावर कमी ओढतं आणि मग दूध खरंच आटतं.

नोकरदार बायकांना पहिल्या दोन मुलांसाठी कायद्याने 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे. पण त्यातले काही आठवडे बाळंतपणाआधीच संपले, तर सहा महिने भरायच्या आत चर्चगेट लोकल गाठावी लागते. अशा वेळी दूध स्वच्छ भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि चोवीस तासांत वापरा. गॅसवर तापवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा आणि चमच्याने पाजा.

काही आयांना प्रयत्न करूनही जमत नाही. त्यांना बोल लावू नका. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आईचं दूध न मिळणाऱ्या नाजूक बाळांसाठीच.

आणि घरच्यांनो, रात्रीचं पाजणं तिला चुकत नाही. सकाळचे डबे आणि बाळाचे लंगोट तेवढे तुम्ही सांभाळा.