काकू, हळू ना!

सिनेमा चालू असताना बोलणाऱ्या लोकांचा मला प्रचंड राग येतो. फोनवर 'हां, पिक्चरला आलोय, बोल' म्हणणारे. पुढे काय होणार ते बायकोला आधीच सांगून टाकणारे. तुमच्यापैकी बरेच जण माझ्याच पार्टीतले असणार. आठवडाभर बॉसची बडबड ऐकायची, वर एवढे पैसे मोजून तिकीट काढायचं, मग निदान शनिवारी दोन-तीन तास शांतता मिळायला नको?

पण याच बाबतीत माझ्या नावावर एक गुन्हा आहे. आज कबूल करून टाकते.

माझी काकू न्हावऱ्याला राहते. नगर रोडने शिक्रापूर, तिथून तळेगाव ढमढेरे आणि मग उसामधून जाणारा रस्ता. लहानपणी आम्ही जत्रेला जायचो ते देवासाठी कमी आणि तंबूतल्या पिक्चरसाठी जास्त. ट्रकवर प्रोजेक्टर, समोर पांढरा पडदा, मधे दोरी. दोरीच्या एका बाजूला बाप्ये, दुसरीकडे बाया. बसायला घरून आणलेलं पोतं. 'माहेरची साडी' आला होता 1991 मध्ये. मी तंबूत पाहिला तोवर त्या रिळावर इतके ओरखडे पडले होते की सगळ्या सीनमध्ये पाऊस पडतोय असं वाटायचं. कुणाला फरक पडत नव्हता. अलका कुबल रडली की बायकांची अख्खी बाजू रडायची. नुसती रडायची नाही, बोलायची. सासूला शिव्या, सुनेला सल्ले, आणि रीळ तुटलंच तर ऑपरेटरचा उद्धार! या सगळ्यात काकूचा आवाज सर्वांत वर. मला तेव्हा तिचा केवढा अभिमान वाटायचा.

मग आला मे 2016. 'सैराट' लागून काही दिवस झाले होते आणि काकू पुण्यात आमच्याकडे आली होती. मी कॉलेजात, नुकतीच 'सिनेमा कळायला' लागलेली. म्हटलं, चल, तुला मल्टिप्लेक्स दाखवते. ठेवणीतलं लुगडं नेसून ती निघाली. एसीत पदर डोक्यावरून घट्ट ओढून बसली. इंटरव्हलपर्यंत ती हसत होती, मधेच काहीतरी पुटपुटत होती. मी सांभाळून घेतलं.

शेवट तुम्हाला माहितीच आहे. आर्चीचा भाऊ माणसं घेऊन तिच्या घरी येतो, माहेरच्या वस्तू घेऊन. ती सगळ्यांना आत घेते, चहा टाकते. आणि माझ्या शेजारून, भर थिएटरात, आवाज आला, "अगं नको गं, पळ तिथनं!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. एकजण हसला. आणि मी, जत्रेत त्याच आवाजाचा अभिमान बाळगणारी मी, दात आवळून म्हणाले, "काकू, हळू ना!"

ती गप्प झाली. त्यानंतर पडदाही गप्प झाला. नागराज मंजुळेंनी शेवटचा सगळा आवाज काढून घेतलाय. रक्ताची छोटी पावलं उमटवत ते मूल बाहेर पडतं आणि कुठेच काही ऐकू येत नाही. थिएटरात सगळे सुन्न. काकूही. पण तिची चुप्पी पडद्याने आणली की मी, हे मला आजही सांगता येणार नाही.

रिक्षात ती एवढंच म्हणाली, "तंबूत असतो तर मी एकटीच नसते वरडले."

गंमत म्हणजे त्याच महिन्यात तिकडे कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' नावाची डॉक्युमेंटरी दाखवली जात होती. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी वर्षानुवर्षं महाराष्ट्रातल्या या तंबूवाल्यांबरोबर फिरून ती केली. तिला तिथे ज्युरीची खास दादही मिळाली. मी ती नंतर पाहिली. एकटीने, लॅपटॉपवर, हेडफोन लावून. तंबूचा पिक्चर बघायची ही काय पद्धत झाली?

परवा न्हावऱ्याला गेले होते. काकू ओट्यावर बसून मोबाइलवर जुना मराठी पिक्चर बघत होती, कानात नातवाने दिलेला इअरफोन. मला बघून म्हणाली, "आता कसं, कुणाला तरास नाही."

सहज म्हणाली असेल. मला मात्र ते लागलं.

मी शेजारी टेकले आणि तिच्या कानातली एक बाजू काढून माझ्या कानात घातली. स्क्रीन जेमतेम तळहाताएवढा. हिरोइन अंधारात एकटीच कुठेतरी निघाली होती आणि झाडामागे व्हिलन. काकूने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं.

मग मीच ओरडले, "बये, जाऊ नको तिकडं!"

"आत्ता गं!" म्हणत काकू हसली आणि पुढची पाच मिनिटं तिने त्या व्हिलनची सात पिढ्यांसकट हजेरी घेतली. शेजारची बाई काय झालं म्हणून धावत आली आणि पिक्चर बघत आमच्यातच बसली. तोवर आम्ही इअरफोन काढून टाकला होता.