बर्फ किती दिवस मिळाला?

जूनचा पहिला आठवडा आणि अल ऐन. संयुक्त अरब अमिरातीतलं हे वाळवंटाच्या कडेचं शहर. बाहेर पारा चाळिशीपार आणि आत एका बंदिस्त हॉलमध्ये, टणक पांढऱ्या बर्फावर आपल्या पोरी आइस हॉकी खेळत होत्या. बहुतेक जणी लडाखच्या, काही हिमाचलमधल्या स्पितीच्या.

2025 चा महिला आशिया कप. समोर इराण, फिलिपिन्स, मलेशिया, किर्गिझस्तान आणि यजमान अमिरात. कॅनडा नाही, अमेरिका नाही, फिनलंड नाही. हॉकीच्या बर्फावर नुकतेच उभे राहायला शिकलेले देश. त्यात भारतानं ब्राँझ जिंकलं. भारतीय महिला टीमचं हे पहिलंच आंतरराष्ट्रीय पदक.

तुमच्यापैकी किती जणांना ही बातमी आठवते?

नसेल आठवत तर लाजू नका. त्याच आठवड्यात आयपीएलची फायनल होती, बेंगळुरूनं अठराव्या सीझनला एकदाचा कप उचलला होता. सगळ्यांचे फोन त्यातच अडकले होते. ज्यांच्यापर्यंत ब्राँझची बातमी पोचली त्यांच्यापर्यंत ती बहुधा एका ठरावीक पॅकिंगमध्ये पोचली. गोठलेलं तळं, उणे वीस तापमान, उसने स्केट्स, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘जिद्द’. आपण अंगठा दाबला, दोन टाळ्या टाकल्या, पुढे गेलो.

माझं भांडण त्या पॅकिंगशी आहे.

गोष्ट खोटी आहे असं अजिबात नाही. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. तिथे हा खेळ आधी लष्करातल्या जवानांमुळे रुजला. गावातल्या पोरांनी मग जुन्या लष्करी बुटांना लोखंडी पाती ठोकून आपले स्केट्स बनवले. कारझू नावाचं लेहमधलं तळं हीच कित्येकांची पहिली शाळा. भारत आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला 1989 मध्ये, पण पुरुषांची टीम पहिली स्पर्धा खेळली ती थेट 2009 साली, अबूधाबीत. मुलींची टीम त्यानंतर सात वर्षांनी, 2016 ला तैपेईत. तिथे जायला पैसे नव्हते म्हणून लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी पुरुषांच्या टीमलाही कुवेतला जाण्यासाठी सोशल मीडियावर हात पसरावे लागले होते. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये बँकॉकला, मुलींनी फिलिपिन्सला 4-3 असं हरवलं. पहिला विजय. 2018 मध्ये कॅनडाची हेली विकेनहायझर, चार ऑलिम्पिक सुवर्णपदकं नावावर असलेली बाई, स्वतः लेहला येऊन या मुलींना शिकवून गेली आणि त्याच वर्षी तिनं त्यांना कॅलगरीला आपल्या स्पर्धेसाठी बोलावलं.

ऐकताना अंगावर काटा येतो. यायलाच हवा. पण काटा आला की आपलं काम संपलं, असं आपल्याला वाटायला लागतं. पोरींनी काही नसताना करून दाखवलं ना, मग ते ‘काही नसणं’ हाच जणू त्यांच्या यशाचा भाग होऊन जातो. मग रिंक कुठाय, असं विचारणारा माणूस रंगाचा बेरंग करणारा ठरतो.

तर आज तो बेरंग करूया.

आधी हा खेळ नेमका काय मागतो ते बघा. रिंक साठ मीटर लांब आणि साधारण तीस मीटर रुंद, चारही बाजूंनी फळ्यांची भिंत. एका वेळी गोलकीपर धरून सहा जण बर्फावर. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग. खेळाडू आत येतो, जीव खाऊन चाळीस-पन्नास सेकंद पळतो आणि बाहेर जातो, दुसरा उडी मारून आत. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. टणक रबराचा पक भिंतीवर आपटून कोणत्या कोनात परत येईल, हे डोळ्यांनी नाही, सवयीनं कळतं. अनेक जण पास सहकाऱ्याकडे मारतच नाहीत, मुद्दाम भिंतीवर मारतात.

आता गोठलेल्या तळ्यावर या. कडेला नीट भिंत नाही. बर्फाला भेगा, उंचवटे. रात्री पाणी शिंपडून पृष्ठभाग गुळगुळीत करायचा आणि सकाळी उन्हं चढायच्या आत खेळून घ्यायचं. आणि हे किती दिवस? डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी, जेमतेम दोन महिने. तेही हिवाळा नीट पडला तर. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो, असं तिथले खेळाडू सांगतात.

तुम्ही क्रिकेट खेळत असाल तर कल्पना करा, वर्षातले दोन महिने बॅट हातात मिळणार, उरलेले दहा महिने डोंगरावर पळायचं आणि जिममध्ये घाम गाळायचा. मग एक दिवस विमानात बसून अशा पिचवर उतरायचं, जिथे समोरची टीम वर्षभर नेट्स करते.

म्हणून या नवख्या देशांच्या स्पर्धा मला फार इंटरेस्टिंग वाटतात. त्यांचे स्कोअरकार्ड बघून हसणारे बरेच असतात. एखादा सामना एकेरी गोलांचा, दुसऱ्यात वीसच्या वर गोल. ‘हे कसलं इंटरनॅशनल?’ अहो, पण असंच असणार! जागतिक आइस हॉकीची उतरंड वरून खाली अनेक पायऱ्यांची आहे आणि जे अजून पहिल्या पायरीशीही पोचले नाहीत त्यांना आपल्यासारख्यांशी खेळायला मिळावं म्हणून 2008 पासून आशियात चॅलेंज कप सुरू झाला. त्याचीच पुढची रूपं आपण आता पाहतोय. वीस गोलांनी हरून कोणी काही शिकत नाही. दोन गोलांनी हरून शिकतं. 4-3 नं जिंकून तर फारच. आणि नीट बघितलं तर या स्पर्धांमध्ये खरी शर्यत जिद्दीची नसतेच. जिद्द सगळ्यांकडेच असते. फरक पडतो तो बर्फाच्या तासांनी.

पटत नाही? इराणकडे बघा. इराणच्या मुली आधी चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायच्या. इनलाइन हॉकी. मग तेहरानच्या एका भल्यामोठ्या मॉलमध्ये रिंक सुरू झाली. त्यातल्याच मुली बर्फावर उतरल्या आणि 2023 ला बँकॉकमध्ये आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय स्पर्धेत थेट रौप्य घेऊन गेल्या. त्यांच्या वाटेत काय काय अडचणी असतील याचा अंदाज तुम्हीच करा. पण बर्फ मात्र त्यांना शहरातच मिळाला.

फिलिपिन्सचं अजून गमतीशीर. त्या देशात बर्फ पडतच नाही. तिथली पोरं मनिलाच्या मॉलमध्ये स्केटिंग शिकली. महासंघाचं सदस्यत्व मिळालं 2016 मध्ये आणि 2017 च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत त्यांच्या पुरुष टीमनं सुवर्ण जिंकलं. आपल्यानंतर सत्तावीस वर्षांनी सदस्य झालेला देश! आपल्याकडे हिमालय, त्यांच्याकडे मॉल. मॉल जिंकला.

यावर एक प्रश्न हमखास येतो आणि तो रास्त आहे. मूठभर खेळाडूंसाठी एवढी महागडी रिंक कशाला? रिंक म्हणजे फ्रीजरचं दार उघडं टाकून ठेवल्यासारखं प्रकरण. बर्फाखाली नळ्यांचं जाळं, त्यातून सतत फिरणारं थंड द्रावण, अखंड चालणारे कॉम्प्रेसर, हवेतली वाफ ओढून घेणारी यंत्रं. कोणी खेळो न खेळो, विजेचं मीटर पळतच राहतं.

पण उत्तर त्या मॉलमध्येच आहे. तिथे दिवसभर तिकीट काढून लोक स्केटिंग करतात, वाढदिवस होतात, लहान मुलांचे क्लास चालतात. हॉकीवाल्यांना मिळते पहाटेची नाहीतर रात्री उशिराची वेळ. धंदा चालतो म्हणून बर्फ टिकतो आणि बर्फ टिकतो म्हणून टीम बनते. यात दानधर्म कुठेच नाही. आपल्याकडेही गुरुग्रामच्या एका मॉलमध्ये रिंक आहे. नियमाच्या मापापेक्षा लहान, पण आपल्या टीमनं तिथेही सराव केलाय.

आणि दुसरं उदाहरण आपल्याच घरचं आहे, कडू आहे. 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी देहरादूनमध्ये सरकारी पैशानं बंदिस्त रिंक बांधली गेली. 2012 चा चॅलेंज कप तिथेच झाला. आणि मग? खर्च परवडत नाही म्हणून ती रिंक वर्षानुवर्षं बंद. लडाखच्या मुली वर्गणी काढून तैपेईला निघाल्या तेव्हा देशातला सगळ्यात चांगला बर्फ वितळलेल्या अवस्थेत कुलूपबंद होता. ती रिंक आता दुरुस्त होऊन सुरू झालीय, 2025 च्या ऑगस्टमध्ये तिथे शॉर्ट ट्रॅक स्केटिंगची आशियाई स्पर्धाही झाली. चांगलंच आहे. पण स्पर्धेचे झेंडे उतरले की तिथे रोज सकाळी कोण खेळतं, हा खरा प्रश्न. बांधणं सोपं असतं, फीत कापायला माणसं मिळतात. बारा महिने वीजबिल भरायला कोणी फीत घेऊन येत नाही.

लेहमध्येही अलीकडे एनडीएस स्टेडियममध्ये यंत्रानं गोठवलेली रिंक आलीय, ‘खेलो इंडिया’ हिवाळी स्पर्धेची हॉकी तिथे होते. एका मोटारसायकल कंपनीनं लडाखच्या हॉकीला हात दिला, तिथे लीग सुरू झाली. म्हणजे चित्र अगदीच काळं नाही. पण या सगळ्याचा जीव अजून हिवाळ्यातच अडकलेला आहे. राष्ट्रीय टीमला एप्रिल ते नोव्हेंबर सलग सरावाचा पूर्ण मापाचा बर्फ, राहण्या-जेवण्यासकट, आपल्याच देशात मिळणं ही मागणी आहे. ती काही चंद्रावरची नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं लडाखचं, आमचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो चाकांवरून येतो. पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, कुठेही जा. संध्याकाळी सिमेंटच्या रिंकवर, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गुडघ्यांना पॅड बांधून गोल गोल फिरणारी चिल्लीपिल्ली दिसतातच. तुमच्यातल्या कितीतरी जणांनी पाचवी-सहावीपर्यंत हे केलंय आणि मग ‘आता दहावीचं बघा’ म्हणून स्केट्स माळ्यावर टाकलेत. त्यातून टिकलेल्यांपैकी काहींनी लेहच्या बर्फावर खेलो इंडियात महाराष्ट्रासाठी स्केटिंगची पदकं आणली आहेत. बर्फ नसलेल्या राज्यातून! इराणच्या मुलींचा रस्ता चाकांवरूनच बर्फावर गेला होता, हे इथे परत आठवा.

तुमच्यातलं कोणी अजून स्केटिंग करत असेल तर क्लासच्या सरांना एवढं विचारा की इनलाइन हॉकी शिकवता का. काही ठिकाणी ‘हो’ म्हणतील. बाकी ठिकाणी निदान प्रश्न तरी ऐकला जाईल.

आणि पुढच्या वेळी भारतीय टीम एखाद्या स्पर्धेला निघाली, किंवा दहा गोलांनी हरून आली, आणि तुम्हाला त्यावर कमेंट टाकायची खुमखुमी आली, तर टाका. पण त्याआधी एक आकडा शोधा. जाण्यापूर्वी त्यांना पूर्ण मापाच्या रिंकवर किती दिवस मिळाले? पुरुषांचा, महिलांचा, दोन्ही. बातमीत तो बहुधा नसेल. मग बातमी देणाऱ्याला विचारा, आम्हालाही विचारा. पत्रकारांना वाचकांचे असे प्रश्न आवडत नाहीत, पण लागतात ते बरोब्बर.

अजून एक. दर जानेवारीत महाराष्ट्रातून कितीतरी पोरंपोरी चादर ट्रेकला लडाखला जातात. उंचीची सवय व्हावी म्हणून आधी लेहमध्ये दोन-तीन दिवस थांबावंच लागतं. ते दिवस बहुतेक जण मार्केटमध्ये मोमो खात आणि हॉटेलात ब्लँकेट घेऊन काढतात. नेमका तोच हॉकीचा मोसम असतो. कारझूला जा, एनडीएसला जा, कोणालाही विचारलं तरी वाट दाखवतील. हातमोजे दोन जोड घाला, थर्मासमध्ये चहा न्या. सामना चालू असेल तर गोलच्या मागे उभे राहू नका. पक तिथूनच उडतो.