मालक आपलाच, मग आजारपणाची रजा मागायची कशी?

आपल्या वस्त्यांतली मुले-मुली धंद्यात उतरू लागली, याचा आम्हाला आनंद आहे. लातूर जिल्ह्यात जन्मलेल्या मिलिंद कांबळे यांनी २००५ साली पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली, ती नोकऱ्या देणारे आपल्यात निर्माण व्हावेत म्हणूनच. आज नांदेडला कोणी ऑनलाइन फॉर्म आणि संगणकाची कामे घेतो, लातूरला कोणी क्लासेसच्या विद्यार्थ्यांना डबे पुरवतो. हाताखाली चार-सहा माणसे असतात. बहुतेक नात्यातली, नाहीतर त्याच गल्लीतली.

आरोग्याच्या पानावर धंद्याचे काय काम, असे कोणी विचारील. काम आहे. परक्या मालकाशी भांडता येते, पण 'दादा'शी कसे भांडणार? "अगं, आपलंच काम आहे," असे तो म्हणाला की अंगात ताप असलेली बाईसुद्धा शेगडीपुढे उभी राहते. हजेरीपुस्तक नाही, रजेचा हिशेब नाही, सगळे तोंडी. आपलेपणाची ही किंमत नेहमी हाताखालचेच मोजतात, हे आम्हाला पटत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे संडास. भाड्याच्या गाळ्यात तो नसतोच, असला तर कुलूपबंद. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि त्याच दिवसांत कामावरच्या बायका पाणी कमी पितात, कारण जायचे कुठे? लघवी तुंबवून धरल्याने जळजळ होते, संसर्ग होतो, पाणी कमी प्यायल्याने मुतखड्याचाही धोका वाढतो. औषधाने बरे वाटते, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, कारण गाळा तोच. गाळा बघायला जाल तेव्हा रस्त्याकडचे तोंड नंतर बघा, आधी संडास बघा.

दुसरी गोष्ट खोकल्याची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्या माणसाला सरकारी दवाखान्यात पाठवा. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात जमा होतात. औषध नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत संसर्गाचा धोका बराच उतरतो. अशा माणसाला कामावरून काढले, तर पुढचा माणूस खोकला लपवतो आणि सगळ्यांना देतो.

"लहान धंद्याला हे परवडत नाही," असे ऐकू येते. दहा किंवा जास्त माणसे असतील तर राज्य कामगार विमा योजना लागू होते. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर मालकाने ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे. १२,००० पगारावर मालकाचे ३९० आणि कामगाराचे ९० रुपये. त्यात उपचार येतात, अटी पूर्ण असल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो, आणि पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण पगार. दहाव्या माणसाचे नाव हजेरीत न लिहिण्याची हुशारी काही जण करतात. आमच्या मते ती चोरी आहे.

दहाच्या आत माणसे असतील तर महिन्याला एक भरपगारी आजारपणाची रजा कागदावर लिहून द्या. प्रत्येक काम दोघांना शिकवून ठेवा, म्हणजे एक जण घरी राहिला तरी डबे अडत नाहीत. मालकालाही त्यामुळे कधीतरी झोप मिळेल.

यातले काही नवे नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मालकाची पाच कर्तव्ये सांगितली, त्यांत शक्तीप्रमाणे काम, अन्न व वेतन, आजारपणात शुश्रूषा आणि वेळच्या वेळी सुट्टी आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ वर आले. आपल्या घरात ज्यांची तसबीर आहे, त्यांचाच हा कायदा. तेव्हा तसबिरीशेजारी कामाच्या वेळा आणि रजेचा कागद चिकटवा, आणि संडासाची चावी खिळ्याला टांगून ठेवा, कोणाला मागावी लागू नये.