‘पडीक’ बेटांचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात हिमायतनगरच्या काही निवृत्त मंडळींसमवेत अंदमानला जाण्याचा योग आला. सेल्युलर जेलच्या कोठड्यांपुढे सारे नतमस्तक झाले, ते उचितच होते. दुसऱ्या दिवशी बोटीतून स्वराज द्वीपाकडे निघालो. पाण्याच्या काठापर्यंत उतरलेले घनदाट अरण्य पाहून आमच्यातील एक गृहस्थ उद्गारले, “केवढी जमीन नुसती पडीक आहे! सरकारने इथे काहीतरी केले पाहिजे.” सर्वांनी माना डोलावल्या.

या मंडळींची इच्छा सरकारने आधीच मनावर घेतली आहे. द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला ग्रेट निकोबार हे सुमारे ९१० चौरस किलोमीटरचे बेट आहे. तेथे महाबंदर, आंतरराष्ट्रीय विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे नगर उभारण्याच्या प्रकल्पाला नोव्हेंबर २०२२ मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. तेव्हाचा अंदाजित खर्च ७२ हजार कोटी रुपये. त्यासाठी १३० चौरस किलोमीटरहून अधिक वनजमीन वळवायची आहे आणि सरकारच्याच अंदाजाप्रमाणे ९ लाख ६४ हजारांपर्यंत झाडे तोडावी लागतील. ज्या गॅलेथिया उपसागराच्या वाळूत प्रचंड आकाराची लेदरबॅक कासवे अंडी घालतात, त्याचे अभयारण्यपण बंदराला वाट करून देण्यासाठी २०२१ मध्येच काढून घेण्यात आले.

तुटणाऱ्या अरण्याची भरपाई कोठे? हरियाणात! आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला या हिशेबाची लाज वाटते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते की चहाला कॉफी हा पर्याय होऊ शकतो, कारण ग्राहकाची गरज दोहोंनी भागते. शोंपेनांची गरज हरियाणातील रोपांनी कशी भागणार? २०११ च्या जनगणनेत या अरण्यवासी जमातीची संख्या अवघी २२९ होती. त्यांचे अन्न, औषध, निवारा सारे त्या रानात आहे. बाजारात न विकल्या जाणाऱ्या वस्तूची किंमत शून्य धरायची आणि नंतर तोच हिशेब विकासाचा पुरावा म्हणून पुढे करायचा, ही लबाडी आहे.

निकोबारी लोकांची कथा निराळी नाही. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने त्यांची किनाऱ्यावरील गावे उद्ध्वस्त केली. सरकारी वसाहतींत हलविलेली ही माणसे तेव्हापासून मूळ गावी परतण्याची मागणी करीत आहेत. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या आदिवासी परिषदेकडून प्रकल्पाला ना-हरकत घेण्यात आली. आपली जुनी गावेही प्रकल्पात जाणार हे उमगताच नोव्हेंबरमध्ये परिषदेने ती मागे घेतली. तरीही गाडा पुढे रेटला जात आहे.

देशाच्या संरक्षणाचे कारण पुढे केले जाते. मलाक्काची सामुद्रधुनी तेथून जवळ आहे, हे खरे. परंतु नौदलाचा ‘आयएनएस बाज’ हा हवाई तळ त्याच बेटावर २०१२ पासून आहे. तो बळकट करण्यास कोणाचाच विरोध नसावा. मात्र आठ हजारांच्या आसपास वस्तीच्या बेटावर सुमारे साडेतीन लाख माणसांचे नगर वसविणे हे कोणते संरक्षण? १९६९ पासून या बेटावर माजी सैनिकांची कुटुंबे वसविण्यात आली. त्यांत महाराष्ट्रातलीही होती. देशरक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या या कुटुंबांच्या जमिनीही आता संपादनाच्या नकाशात आल्या आहेत.

मराठवाड्यातील कार्यकर्त्याला ‘पडीक’ हा शब्द नवा नाही. भूमिहीन दलिताने गायरान कसले की गावातील धनदांडग्यांना ते अतिक्रमण वाटते. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये झालेला भूमिहीनांचा सत्याग्रह याच वृत्तीविरुद्ध होता. आमच्या शेजारच्या किनवटच्या रानात गोंड, कोलाम बाईने सरपणाची मोळी उचलली तर कायदा जागा होतो. भांडवलाला बंदर हवे असले की अभयारण्यही कागदावरून पुसले जाते. जमीन पडीक ठरते ती तिच्यावर जगणारा माणूस दुबळा असला म्हणून.

प्रवासी म्हणून मीही या पापातून सुटलेलो नाही. बाराटांगला जाताना जारवांच्या राखीव अरण्यातून जाणाऱ्या मोटारींच्या ताफ्यात मीही बसलो होतो. हा रस्ता त्या प्रदेशात बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता, हे मला माहीत होते. तरीही खिडकीला नाक लावून ‘दिसतात का’ म्हणून पाहणाऱ्यांत मी होतो. १८५८ मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा हजारोंनी असलेले ग्रेट अंदमानी आज पन्नासेक उरले आहेत. त्यांचा संहारही आपापल्या काळचा ‘विकास’ करणाऱ्यांच्याच हातून झाला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला दिलेला अधिकार किनवटमध्ये मागायचा आणि निकोबारमध्ये विसरायचा, हे चालणार नाही. पुढच्या शिबिरात हा विषय घ्या. आणि कोणी अंदमानची हिरवी छायाचित्रे दाखवीत ‘पडीक’ म्हणाला, तर बोटीवर मी गप्प बसलो तसे तुम्ही बसू नका.