घर बदलले, कुलूप पाहिले का?



२०२१ च्या जानेवारीत व्हॉट्सॲपने नवे नियम जाहीर केले आणि पुष्कळ मंडळींनी आपापले गट उचलून टेलिग्रामवर नेले. वधू-वर परिचयाचे, शिष्यवृत्तीच्या माहितीचे कितीतरी गट आज तिथे नांदत आहेत. मोठ्या कंपनीचा जाच नको, हा विचार चांगलाच. पण घर बदलले म्हणजे दाराला कुलूप लागले असे होत नाही.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर २०१६ पासून पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाच वाचता येतो, मधल्या कंपनीला नाही. टेलिग्रामवर ही सोय फक्त दोघांच्या 'सीक्रेट चॅट'मध्ये आहे, तीही आपण मुद्दाम उघडली तर. गटात ती नाहीच. तिथले सारे कंपनीच्या यंत्रांवर साठते. त्यातून गट 'पब्लिक' असेल तर कुणीही परका मागचे सगळे चाळू शकतो. आणि तिथे काय पडलेले असते? आपल्या लेकीचा बायोडाटा! फोटो, जन्मतारीख, पगार, पत्ता, बापाचा मोबाईल नंबर. शिष्यवृत्तीच्या गटात तर पोरे जातीचा दाखला आणि आधारकार्डही टाकून मोकळी होतात. जातीचा दाखला भलत्याच्या हाती पडला तर काय होऊ शकते, हे आपल्या घरांत वेगळे सांगायला नको.

अमेरिकेत 'टी' नावाचे खास बायकांचे ॲप निघाले. बाईच आहे याची खात्री करायला ते चेहऱ्याचा फोटो, ओळखपत्र मागत असे आणि तपासून लगेच पुसू असे सांगत असे. जुलै २०२५ मध्ये तिथली सुमारे ७२,००० चित्रे बाहेर फुटली. त्यांत सुमारे १३,००० अशीच तपासणीची होती. म्हणजे पुसलेली नव्हतीच!

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, संविधानाच्या कलम २१ मध्ये तो येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. तेव्हा गट चालवणाऱ्या दादांना विचारायला संकोच नको. गट 'प्रायव्हेट' करा म्हणावे, नव्या सभासदाला जुना मजकूर दिसू देऊ नका म्हणावे. आपला नंबर 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'नोबडी' करून ठेवावा. बायोडाट्यात नाव, शिक्षण, तालुका एवढे पुरे. पत्ता आणि पगार पाहुणे घरी आल्यावर चहा घेता घेता सांगता येतात. शिष्यवृत्तीचा अर्ज शासनाच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा असतो. गटप्रमुखाला आपल्या पोराचा दाखला लागत नाही.