सिग सॉअरच्या पिस्तुलाचा वाद : घडण बिघडली की रचनाच सदोष?

चाप न ओढता पिस्तुलातून गोळी सुटू शकते काय, या एका प्रश्नाने सिग सॉअर या नामांकित शस्त्रनिर्मात्या कंपनीला गेली काही वर्षे घेरले आहे. कंपनीच्या पी-३२० पिस्तुलाविषयी अमेरिकेत पोलीस, सैनिक आणि सामान्य परवानाधारकांनी तक्रारी केल्या असून अनेक खटले न्यायालयांत गेले आहेत. कंपनी हे आरोप ठामपणे फेटाळते. अचूक घडणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या कंपनीचा दर्जा काळाच्या ओघात खालावला काय, हा या वादाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. भारतीय सैन्यदलांनी याच कंपनीकडून रायफली घेतल्या असल्याने तो भारताच्याही जिव्हाळ्याचा आहे.

सिग सॉअरची ख्याती उभी राहिली ती स्विस अभियांत्रिकी आणि जर्मन कारखानदारी यांच्या संयोगातून. पी-२२० हे पिस्तूल स्वित्झर्लंडच्या सैन्याने १९७५ मध्ये स्वीकारले. १९८०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या स्पर्धेत पी-२२६ हे कसोटीस उतरले. मात्र कंत्राट इटलीच्या बेरेटाला मिळाले. पुढे कंपनीचा केंद्रबिंदू अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याकडे सरकला आणि जर्मनीतील एकर्नफोर्डे येथील कारखाना २०२० मध्ये बंद झाला. जर्मन घडणीच्या जुन्या पिस्तुलांना आज संग्राहकांत मान आहे, तो याच कारणाने.

तथापि, ‘जुने ते उत्तम’ हे समीकरण येथे पुरते लागू पडत नाही. जुन्या जर्मन पी-२२६चा वरचा सरकता भाग पोलादी पत्रा दाबून घडवलेला असे. अमेरिकेत तो सलग पोलादातून कोरून काढला जाऊ लागला. या एका बाबतीत नवी घडण अधिक भक्कम म्हणावी लागेल. दुसरीकडे, धातूची भुकटी साच्यात दाबून व भट्टीत भाजून लहान सुटे भाग तयार करण्याची स्वस्त पद्धत जवळपास साऱ्याच शस्त्रउद्योगात रुळली आहे. अशा भागांवर टीका होते. पण ही पद्धत मुळातच सदोष नाही. साचा, तापमान आणि अंतिम तपासणी यांत कसूर झाली, तरच ती धोक्याची ठरते.

पी-३२०चा वाद प्रामुख्याने रचनेचा आहे. जुन्या पिस्तुलांना बाहेर घोडा असे आणि पहिल्या गोळीसाठी चाप लांब व जोर लावून ओढावा लागे. २०१४ मध्ये आलेल्या पी-३२०मध्ये घोड्याऐवजी आतला ताणलेला स्ट्रायकर गोळीवर आघात करतो. चाप तुलनेने सहज ओढला जातो आणि नागरी बाजारातील बहुतेक नमुन्यांना बाहेरचा सुरक्षा खटका नसतो. अशा रचनेत आतील अडसर अचूक बसणे हीच सुरक्षेची हमी असते.

जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने याच पिस्तुलाच्या एम-१७ आणि एम-१८ या आवृत्त्या निवडल्या. कंत्राटाची कमाल किंमत ५८ कोटी डॉलर होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, विशिष्ट कोनात खाली पडल्यास पी-३२०मधून गोळी सुटते, असे स्वतंत्र चाचण्यांत दिसून आले. कंपनीने ‘ऐच्छिक सुधारणा’ जाहीर करून चापासह काही भाग बदलून देण्यास सुरुवात केली. लष्करी चाचण्यांतही हा दोष आढळला होता आणि हलके भाग बसवून तो दूर करण्यात आला, अशी नोंद संरक्षण विभागाच्या चाचणी संचालनालयाच्या अहवालात आहे. हा दोष कारागिराच्या हातचा नव्हता, आराखड्यातला होता.

त्यानंतरचे चित्र इतके स्पष्ट नाही. जॉर्जियातील संघीय न्यायालयात ज्यूरीने जून २०२४ मध्ये एका धारकाला सुमारे २३ लाख डॉलर भरपाई दिली. इतर काही खटल्यांत निकाल कंपनीच्या बाजूने लागले. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगमधील हवाई तळावर एक जवान गोळी लागून मृत्युमुखी पडला आणि हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने एम-१८चा वापर थांबवला. पुढे या मृत्यूप्रकरणी दुसऱ्याच जवानाला अटक झाली. कमांडने ७,९७० पिस्तुले तपासली. १९१ पिस्तुलांत मुख्यतः झिजलेल्या भागांमुळे दुरुस्तीची गरज आढळली आणि वापर पुन्हा सुरू झाला.

हा आकडा बोलका आहे. शंभरातील दोन-तीन पिस्तुलांत दोष निघणे म्हणजे कारखान्याचा दर्जा कोसळला, असा निष्कर्ष निघत नाही. पण ही शस्त्रे अण्वस्त्रांच्या पहाऱ्यावरील जवानांकडे होती आणि त्यांची सरसकट तपासणी झाली ती मृत्यूनंतर, ही वस्तुस्थिती उरते.

अमेरिकेत मोटारीत वा खेळण्यात दोष निघाला, तर सरकारी यंत्रणा ते बाजारातून परत मागवू शकते. बंदुका मात्र १९७२ च्या कायद्याने ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. परिणामी दोषाचा निवाडा एकेका खटल्यातून होतो. न्यू हॅम्पशायरने तर २०२५ मध्ये कायदा करून, बाह्य सुरक्षा खटका नसल्याच्या कारणावरून शस्त्रनिर्मात्यांवर दावे करण्याची वाटही अरुंद केली.

भारताने २०१९ मध्ये सिग-७१६ जातीच्या ७२,४०० रायफलींची मागणी नोंदवली आणि २०२४ मध्ये आणखी ७३,००० रायफलींचा करार केला. या रायफलींची रचना पूर्णतः वेगळी आहे. पिस्तुलावरील आक्षेप त्यांना चिकटवणे अन्यायाचे ठरेल. बोध वेगळाच आहे. कंपनीचे नाव जुने असले, तरी शस्त्र प्रत्येक वेळी नवे असते. स्वीकृतीपूर्व चाचणी जितकी महत्त्वाची, तितकीच ठरावीक काळाने होणारी झीज-तपासणी आणि प्रत्येक अपघाताची उघड नोंद. दर्जा घसरला की नाही, हे अशा नोंदींतूनच कळू शकते. त्या नसतील, तर त्याची किंमत शस्त्र बाळगणाऱ्या शिपायालाच मोजावी लागते.